दोनशे अकरा पोरांची बेगमी

डे मॉइन, आयोवा
२ नोव्हेंबर १९८३

प्रिय मॅक्सीन,

दोनशे अकरा! गेल्या वर्षीपेक्षा सात जास्त. हॅलोविनच्या आदल्या दिवशी, तीस तारखेला, संध्याकाळी सहा ते आठ, पुरते दोन तास मी दारात उभी होते. पाय अजून सुजलेले आहेत. दर पोरामागे वाडग्यात घेवड्याची एक बी टाकत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजल्या, म्हणजे आकडा पक्का.

विनोद नाही तर लाह्यांचा लाडू नाही, हा नियम मी कुणासाठी मोडत नाही, तुला माहीतच आहे. पुढचे दोन्ही दात पडलेली एक चिमुरडी चेटकीण होऊन आली. म्हणाली, "भोपळा हसायला कधी लागतो?" मी म्हटलं, बाई, मला नाही ठाऊक. तर म्हणाली, "डोक्यातलं सगळं काढून टाकलं की!" मी तिला दोन लाडू दिले. आणि एक पोरगा मोठ्या खोक्यात शिरून आला होता, पुढे गोल भोक पाडून त्यात तोंड. कपडे धुण्याचं मशीन झालाय म्हणे. मला तुझीच आठवण आली. मी म्हटलं, माझी बहीण टूसॉनमध्ये अशा मशिनांपुढे एकवीस वर्षं उभी होती, तिला कळवते.

आता पुढच्या वर्षाचं. काल दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. हॅलोविन संपलं की लेमनच्या गोळ्या अर्ध्या भावात काढतात, त्या वर्षभर टिकतात. चॉकलेट मी घेत नाही, उन्हाळ्यात त्याचं पिठलं होतं. लाह्यांचा मका मार्चमध्ये पोत्यानं आणायचा. साखर जुलैत, जॅमच्या हंगामात. मेणकागद सेल लागला की. तुझे महिन्याला सहा म्हणजे वर्षाचे बहात्तर डॉलर, त्यात माझे चाळीस घातले की झालं. आयत्या वेळी धावणाऱ्या बायकांना याच्या दुप्पट लागतात, वर तोंड वर करून सांगतात की महागाई किती वाढली!

तब्येतीला जप.

तुझी
आर्डिथ


टूसॉन, ॲरिझोना
१४ जानेवारी १९८४

प्रिय आर्डिथ,

सोबत जानेवारीचे सहा.

तुझा भोपळा इकडे गाजतोय. रिटायर झाले तरी गुरुवारी मी लाँड्रीतल्या बायकांत जाऊन बसते. त्यांना सांगितला तर एक जण म्हणाली, हा तर आमच्या मॅनेजरचा फोटो. मी म्हटलं, छे, हा माझ्या बहिणीचा लेनर्ड. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, पण लग्नाच्या फोटोत तो अगदी तसाच हसतोय की नाही, सांग!

इकडची पोरं एकतीसला येतात, नुसती पिशवी पुढे करतात आणि चालू पडतात. आमच्याकडे आदल्या दिवशी भिकारी-रात्र असते आणि पोरांना विनोद सांगून गोळी कमवावी लागते, असं मी सांगितलं की सगळ्या तोंडात बोट घालतात. शेजारची एलोइसा म्हणते, तुमच्या गावची माणसं एवढीशी गोळीसुद्धा फुकट देत नाहीत.

बारा वर्षं झाली गं हे सहा पाठवायला लागून. आईच्या मयताला मी आले नाही, तेव्हा तू लिहिलं होतंस, "यायचंच असतं तर दर महिन्याला थोडे बाजूला टाकले असतेस." दीड वर्ष मी तुला ओळ टाकली नाही. मग ऑक्टोबर आला. काय लिहावं ते सुचेना, म्हणून पाकिटात सहा डॉलर घातले आणि वर लिहिलं, पोरांसाठी. तुझं उत्तर आलं चार पानी, एकशे एकोणनव्वद पोरं, विनोदांसकट. ते पत्र अजून माझ्या उशाशी असतं.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील. नवीन पेन आहे, बारीक उमटतच नाही.

तुझी
मॅक्सीन


टूसॉन
६ ऑगस्ट १९८४

प्रिय आर्डिथ,

बसली आहेस ना? नसलीस तर बस. या वर्षी मी येतेय.

पोरांच्या सहाला मी हात लावलेला नाही. बसभाड्याचे वेगळे काढलेत. एका पिठाच्या डब्यात टाकत होते, अडीच वर्षं लागली. जायचे-यायचे मिळून एकशे अठरा, काल मोजले, बरोब्बर भरले. पंचवीस ऑक्टोबरला निघते, दोन रात्री बसमध्ये, सत्तावीसला तुझ्याकडे. मेणकागद मी कापीन, पाक तू कर, तुझ्या पाकात मी नाक खुपसणार नाही. आणि तीसला संध्याकाळी एक खुर्ची मला दे. बिया मी टाकीन.

तेरा वर्षं सगळं तुझ्या पत्रातून बघतेय. आता एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. ती रांग, ते दार आणि मुख्य म्हणजे तुला. फोटो पाठव म्हटलं की तू लेनर्डच्या वेळचा पाठवतेस, लबाड!

उत्तर लवकर टाक. तिकीट आधी काढलं की चार डॉलर कमी लागतात.

तुझी
मॅक्सीन


डे मॉइन
१५ ऑगस्ट १९८४

प्रिय मॅक्सीन,

तुझं पत्र मिळालं. या वर्षी तू येऊ नकोस.

व्हरांडा उकरून ठेवलाय, सुतार कधी येईल त्याचा नेम नाही. वरची खोली नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला भाड्यानं दिली आहे. तुला झोपवू कुठे? शिवाय या वयात दोन दिवस बसमध्ये अंग आंबवून घ्यायचं ते कशासाठी, दोन तासांच्या गोंगाटासाठी? पोरं काय, पोरांसारखी पोरं.

पुढच्या वसंतात बघू. हवाही बरी असते.

साखर या वर्षी पाच पौंडांना दहा सेंटनी उतरली होती, म्हणून जास्तीची घेऊन ठेवली.

तुझी
आर्डिथ


टूसॉन
१० सप्टेंबर १९८४

आर्डिथ,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. कळलं.

मला वाटलं होतं तू ते सोडून दिलंस. नाही सोडलंस. सुताराचं नाव कशाला पुढे करतेस? आईच्या वेळी आली नाहीस, आता कशाला येतेस, असं सरळ लिहिलं असतंस तरी मी ऐकून घेतलं असतं. तुझा हक्क आहे तो. पण एक तुला कळावं म्हणून लिहिते. तेव्हा माझ्याकडे खरंच नव्हते. माझ्या हॅरल्डनं पगाराचं पाकीट उघडलेलंसुद्धा मला दिसायचं नाही, सरळ दारूच्या गुत्त्यात. या वेळी होते.

सोबत एकशे अठराची मनीऑर्डर आहे. भाड्याचे पैसे. आता मी ते ठेवून काय करू? पोरांना घाल. या वर्षी हात आखडू नकोस, चॉकलेट आण, चांगल्यातलं. आणि मला सगळं लिही. एकही पोर गाळू नकोस. एवढं करशील ना?

मॅक्सीन


डे मॉइन
३१ ऑक्टोबर १९८४

प्रिय मॅक्सीन,

दोनशे त्रेसष्ट. इतकी कधीच आली नव्हती. रांग कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत गेली होती.

तुझ्या पैशांचं चॉकलेट आणलं, मोठ्या वड्या, अख्ख्या. पोरांचे डोळे विस्फारले. एक सांगाडा आला, सहा-सात वर्षांचा. म्हणाला, "सांगाड्याला थंडी का वाजते? वारा आरपार जातो म्हणून." आणि खरंच कुडकुडत होता, त्याच्या आईनं आत स्वेटर घातला नव्हता. दोन जुळ्या बहिणी मीठदाणी आणि मिरीदाणी होऊन आल्या, एकीनं विनोद सुरू करायचा, दुसरीनं संपवायचा, आणि दुसरी शेवट विसरली! पहिली तिच्यावर अशी डाफरली की मला आपण दोघी आठवलो. त्यांना मी विनोदाशिवाय दिलं. एवढा एकदाच नियम मोडला.

सगळ्यांना सांगितलं की हे टूसॉनच्या मॅक्सीन मावशीकडून. सगळे ओरडले, थँक यू मॅक्सीन मावशी. तुला ऐकू आलं असेल.

सप्टेंबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. तू लिहिलंस तसं काही नाही. खरंच नाही. सावकाश लिहीन.

तुझी
आर्डिथ


टूसॉन
१९ नोव्हेंबर १९८४

माननीय मिसेस कोपेकी,

मी एलोइसा किरोस, तुमच्या बहिणीची शेजारीण. माझं लिहिणं साधंच आहे, सांभाळून घ्या. हे पत्र मी मॅक्सीनला न सांगता लिहीत आहे. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

मॅक्सीनचे डोळे जात आहेत. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं की मधली नजर वर्षअखेरीपर्यंत जाईल, उपाय नाही. कडेकडेचं थोडं राहील. म्हणून तिला या ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे यायचं होतं. ती मला म्हणाली होती, "दिसतंय तोवर एकदा आर्डिथचं तोंड बघून येते, मग काय व्हायचं ते होवो." तुम्हाला हे कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली. दया म्हणून बोलावलेलं तिला नको होतं.

तुमचं ऑगस्टचं पत्र तिनं भिंग लावून स्वतः वाचलं. नंतर दोन दिवस ती माझ्याकडे कॉफीला आली नाही. हॅलोविनचं पत्र मात्र तिला वाचता आलं नाही, ते मी वाचून दाखवलं. चार वेळा. त्या जुळ्या मुलींपाशी ती दर वेळी हसते. "थँक यू मॅक्सीन मावशी" आलं की मला थांबवते आणि म्हणते, परत वाच.

मी परकी बाई, मला बोलायचा अधिकार नाही. पण जी बहीण इतक्या मायेनं लिहिते ती येऊ नकोस असं का म्हणाली, हे मला काही केल्या समजत नाही.

तुमची
एलोइसा किरोस


डे मॉइन
२७ नोव्हेंबर १९८४

प्रिय मॅक्सीन,

हे पत्र एलोइसाबाई तुला वाचून दाखवतील. बाई, तुम्ही मला लिहिलंत ते मी तिला सांगून टाकते आहे, मला क्षमा करा. आजपासून मला काही झाकायचं नाही. आणि पुढचं वाचताना कृपा करून काही गाळू नका.

मॅक्सीन, पोरं येत नाहीत गं.

ऐंशीच्या सुमाराला आपल्या गल्लीतली शाळा बंद झाली, तेव्हाच कमी व्हायला लागली होती. मग ब्याऐंशीच्या हॅलोविनच्या आधी गोळ्यांत कुणी विष कालवतंय अशा बातम्या आल्या आणि आयांनी घरी केलेलं काही घ्यायचं नाही असं पोरांना बजावलं. त्या वर्षी मी दोनशे लाडू वळले होते. एकोणीस पोरं आली. सकाळी कुंपणाबाहेर चौदा लाडू पडलेले मिळाले, मेणकागदसुद्धा सोडलेला नव्हता. मी ते वाकून वाकून गोळा केले. माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोर मरेल असं माझ्याच गल्लीतल्या बायकांना वाटलं, मॅक्सीन. त्यातल्या तिघींना त्या लहान असताना मीच लाडू दिलेत.

त्र्याऐंशीला चार आली. आता मॉलमध्ये नेतात, दुकानदार वाटतात म्हणे. या वर्षी एकही नाही. मी आठपर्यंत दारातला दिवा चालू ठेवला होता.

दोनशे अकरा, दोनशे त्रेसष्ट, सगळं मी रचलं. चेटकीण नाही, खोक्यातला पोरगा नाही, जुळ्या नाहीत. भांडी घासताना मी विनोद जुळवत बसायचे. तुला कोणता आवडेल ते बघून.

का, ते सांगते. पहिल्या वर्षी खरं लिहायला बसले होते. "या वर्षी एकोणीस" असं लिहिलंही. मग पेन थांबलं. पुढच्या वर्षी काय लिहिणार? आपल्या दोघींत या पोरांशिवाय उरलं होतं काय? आईबद्दल आपण बोलत नाही. नवऱ्यांबद्दल बोलण्यासारखं नव्हतं. तेरा वर्षं तू पाठवतेस सहा आणि मी पाठवते आकडा. आकडा संपला तर तुझी पत्रं संपतील, अशी धास्ती वाटली. म्हणून एकोणीसचे दोनशे चार केले. एकदा केल्यावर मागे यायला वाट राहिली नाही.

व्हरांडा जागच्या जागी आहे. नर्सिंगवाली मुलगी नाही, वरच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे. तू येणार म्हटल्यावर मी आठ दिवस नीट जेवले नाही. तू खुर्चीत बसशील, मांडीवर वाडगा घेशील आणि एकही पोर येणार नाही, हेच डोळ्यांपुढे यायचं. तुला वाटलं मी आईचं मनात धरून बसले आहे. देवाशपथ नाही. ते वाक्य लिहिलं त्याच आठवड्यात मला त्याची लाज वाटली होती, पण मोठी बहीण ना मी, माघार कशी घेणार!

पैशांचं. गेल्या वर्षीचे तुझे बहात्तर घर तापवायच्या गॅसच्या बिलात गेले. या वर्षीचे डब्यात आहेत, साखरेचे तेवढे गेले. चॉकलेट आणलंच नाही. मनीऑर्डर मी वटवलेली नाही. टेबलावर ठेवली आहे आणि जेवताना तिच्याकडे बघायला नको म्हणून हल्ली उभ्यानं जेवते.

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा तुझे डोळे जात होते. तू मला सांगितलं नाहीस. मी तुला सांगू दिलं नाही.

मला क्षमा करायची की नाही ते तू ठरव.

आर्डिथ


टूसॉन
९ डिसेंबर १९८४

आर्डिथ,

एलोइसा लिहिते आहे, मी सांगते आहे. ती माझ्या शिव्या गाळेल, तिथे तू मनानंच भर. (गाळल्या आहेत. — ए.)

सात दिवस मी तुझ्याशी भांडले. तू नव्हतीस म्हणून एलोइसाशी भांडले. (खरं आहे. — ए.)

पैशांचं सोडून दे. गॅस भरलास ते बरं केलंस. गारठून मेली असतीस तर मी सहा डॉलर कुणाला पाठवले असते? पण जुळ्या नव्हत्या हे काही मला पचलेलं नाही. त्यांच्यासाठी मी रडले, हे तुला सांगायची मला लाज वाटते. माणूस मेल्यासारखं वाटलं.

आता एक सांग. मी पोरं बघायला येणार होते असं तुला खरंच वाटलं? पोरं इथे कमी आहेत का? अगं, रिकामा व्हरांडा चालला असता! दोघींनी खुर्च्या टाकल्या असत्या, सगळे लाडू आपणच खाल्ले असते, आजारी पडलो असतो. त्या बायकांच्या नावानं दोघींनी बोटं मोडली असती. आणि भर उजेडात मी तुला समोर बसवून पोटभर बघितलं असतं. ऑगस्टमध्ये मला पुष्कळ दिसत होतं, आर्डिथ. वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत होते. ऑक्टोबरमध्येही तोंडं ओळखू येत होती.

खोटं मीही बोलले. पेन जुनंच होतं. मला वाटलं, डोळ्यांचं सांगितलं तर तू बोलावशील, पण कीव म्हणून. तू आपणहून ये म्हणावंस असं मला वाटत होतं. तुझ्या पोरांची लाज तुला आणि माझ्या डोळ्यांची मला. दोन म्हाताऱ्या बायका, अक्कल म्हणून नाही.

आता सरळ बघितलं की बघते ते नाहीसं होतं. मधे करडा डाग आहे. बाजूला बघितलं की कडेनं थोडं दिसतं, तेही पुसट. एलोइसाला बघायचं तर मला फ्रिजकडे बघावं लागतं.

मनीऑर्डर वटव आणि ये. जानेवारीत भाडं कमी असतं. सुताराची वाट बघू नकोस.

मॅक्सीन

(ती हे सांगताना दोनदा थांबली. पण शेवटी हसली. तुम्ही याच. — ए.)


डे मॉइन
३ फेब्रुवारी १९८५

प्रिय मॅक्सीन,

सुखरूप पोचले. बस ओमाहाला चार तास अडकली, बर्फ होतं. घर गारठलेलं होतं, पण नळ फुटले नव्हते. एलोइसाबाईंनी बांधून दिलेले मक्याच्या पिठाचे तमाले मी लिंकनपर्यंतच संपवले, त्यांना सांग. म्हणजे त्याच वाचतायत, त्यांना कळलंच.

हिशेब ठरला तसाच. या महिन्यापासून सहा मी बाजूला टाकते, ऑक्टोबरच्या भाड्यासाठी. पहिले सहा टाकले. एकतीसला मी तुझ्या दारात असेन आणि तुझ्या गल्लीतल्या पोरांकडून विनोद वसूल करीन. एलोइसाबाई म्हणतात, इकडची पोरं पळून जातील. जाऊ देत.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. बाई, इथे थांबू नका, वाचून टाका.

टूसॉनच्या बसस्टँडवर मी उतरले तेव्हा तू सोड्याच्या मशीनकडे तोंड करून उभी होतीस. मी हाक मारली. तू म्हणालीस, "आईचा आवाज झालाय गं तुझा." पण तोंड मशीनकडेच. तेव्हा मला समजलं की तू मला बघते आहेस. मी हलले नाही. बॅग हातातून खाली ठेवायची होती, ती पण ठेवली नाही. म्हटलं, हिला काय दिसत असेल ते हलायला नको. नऊ दिवस मी असंच केलं. तू खिडकीकडे बघायला लागलीस की मी हातातलं काम सोडून गप्प बसायचे. तुझ्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

तू किती म्हातारी झालीस गं. मला सगळं दिसत होतं, आणि तुला माझं काहीच नाही, हे मला सोसत नव्हतं. तू कांदा चिरायचीस तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जायचे ते नाक शिंकरायला नाही.

शेवटच्या दिवशी केस विंचरता विंचरता तू विचारलंस, "तुझे पिकले का गं?" मी म्हटलं, "थोडे. कानांपाशी." तू म्हणालीस, "लेनर्डच्या वेळी कसे तांबूस होते, उन्हात चमकायचे." मी म्हटलं, "अजून तसेच आहेत." तू खूश झालीस. मग विचारलंस, "तोंडावर सुरकुत्या?" मी म्हटलं, "चष्म्याखाली झाकल्या जातात."

मॅक्सीन, मी पांढरीफटक झाले आहे. तांबडा एक केस राहिला नाही. गाल ओघळलेत. डावी पापणी अर्धी मिटलेली असते, तीन वर्षं झाली. रस्त्यात भेटले असते तर तू मला ओळखलं नसतंस. काही झाकणार नाही असं लिहून मी तुझ्या घरी आले आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच केलं. तू इतक्या आशेनं विचारलंस की माझी जीभ रेटली नाही. बसमध्ये बसल्यापासून तेच सलतंय.

आता हे असं पत्रातून सांगायची वेळ आली आहे. ऑगस्टमध्ये मी नुसतं ये म्हटलं असतं, तर तुला हे विचारावं लागलं नसतं.

तुझी
आर्डिथ